८१ व्या वर्षी खुबा मोडला: ऑपरेशन कधी, गोळ्यांचं काय आणि घरी आणण्याआधी काय तयारी

प्रश्न थोडक्यात असा: आई ८१ वर्षांच्या, वजन अंदाजे ४८ किलो. वडोदऱ्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरात दुसऱ्या मजल्यावर राहतात. परवा रात्री बाथरूमला जाताना पडल्या. एक्स-रेत उजव्या खुब्याशी मांडीचं हाड मोडलेलं दिसतं. मधुमेह आणि ब्लड प्रेशर आहे, तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला तेव्हापासून क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू आहे. एक डॉक्टर म्हणतात लगेच ऑपरेशन करा. दुसरे म्हणतात गोळी बंद करून पाच-सात दिवस थांबा. मामांचं म्हणणं, या वयात कापाकापी नको, हाडवैद्याचा पाटा बांधून झोपवून ठेवू. विचारणारा मुलगा नोकरी करणारा, त्याची बहीण पुण्याला. करायचं काय?

पडल्याला दुसरा दिवस उजाडला आहे, म्हणून आधी मुद्द्याचं. आई पडण्याआधी घरातल्या घरात स्वतःच्या पायांनी चालत असतील, तर ऑपरेशन करावं, आणि आज-उद्याकडे करावं. साधारण ३६ ते ४८ तासांच्या आत व्हावं असं जगभर धरलं जातं. ते तास उलटून चालले असले तरी "आता उशीर झालाच आहे, आठवडाभर थांबू" हा हिशोब चुकीचा आहे. वाढलेला प्रत्येक दिवस भारी पडतो.

मामांच्या मनातली भीती खोटी नाही. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण चार-पाचजणांत एक जण वर्षभरात जातो, आणि हे आकडे चांगल्या सोयी असलेल्या देशांतले आहेत. मात्र हा धोका टेबलावरच्या दोन तासांतला कमी आणि अंथरुणावरच्या दोन महिन्यांतला जास्त असतो. उताणं पडून राहिलेल्या माणसाच्या छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते, लघवीत जंतुसंसर्ग होतो, माकडहाडावर जखम पडते, जेवण तुटतं आणि उरलेसुरले स्नायू वितळतात. म्हणून ऑपरेशनकडे "आई पुन्हा चालायला लागावी" एवढ्याच नजरेनं बघू नका. पहिलं काम त्यांना न कण्हता उठून बसता यावं हे आहे. चालणं त्याच्यानंतर. या वयात पाठ गादीवरून उठली की निम्मं काम झालं.

पाट्याबद्दल स्पष्ट सांगतो. खुब्याचं हाड दोन वेगळ्या जागी मोडतं आणि तुमची कुठली जागा हे आजच विचारून घ्या. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला सांध्यात बसणारा गोळा असतो; त्याच्या लगेच खाली, मानेत मोडलं असेल तर त्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या शिरा तुटलेल्या असू शकतात, आणि हाड सरकलेलं असेल तर ते बाहेरून बांधून जुळत नाही. तिथे बहुतेक वेळा मोडका गोळा काढून धातूचा बसवतात, म्हणजे अर्धा सांधा बदलतात. मानेच्या खाली, दोन उंचवट्यांच्या मध्ये मोडलं असेल तर रक्तपुरवठा चांगला असतो. तिथे हाडाच्या पोकळीत लांब खिळा घालून स्क्रूनं पकडतात. हे दुसरं हाड झोपवून ठेवलं तर दोन-तीन महिन्यांत जुळतंही, पाय आखूड आणि बाहेर वळलेला राहून का होईना. हाडवैद्याकडे "बरी झालेली" माणसं असतात ती यातलीच. पण ते दोन-तीन महिने ८१ वर्षांच्या बाईनं काढायचे कसे, हा प्रश्न पाट्यानं सुटत नाही. आणि खुब्याला तेल लावून चोळणं, ओढणं तर अजिबात नको.

आता गोळी. दोन डॉक्टरांत भांडण दिसतं तेवढं नाही. पाठीच्या मणक्यात इंजेक्शन देऊन भूल द्यायची तर क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस बंद हवं, नाहीतर मणक्यात रक्त साचून पाय लुळे पडण्याचा धोका असतो. हा नियम ठरवून केलेल्या ऑपरेशनांसाठी ठीक आहे. मोडलेल्या खुब्यात आठवडाभर थांबण्याची किंमत जास्त, म्हणून तिथे भूल बदलायची, तारीख नाही. पूर्ण भूल द्यायची आणि जोडीला मांडीच्या वरच्या भागात सोनोग्राफीत बघून नस बधिर करायची. पूर्ण भूल म्हणजे म्हाताऱ्या माणसासाठी हमखास वाईट, हा समजही सोडा: २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी-कॅनडियन चाचणीत खुब्याच्या ऑपरेशनसाठी मणक्यातली भूल आणि पूर्ण भूल यांत दोन महिन्यांनंतर जिवंत राहण्यात किंवा चालण्यात फरक दिसला नाही. रक्तस्राव थोडा जास्त होईल हे धरून दोन बाटल्या रक्त जुळवून ठेवा. ॲस्पिरिन असेल तर ते चालूच ठेवतात. स्टेंट तीन वर्षं जुना आहे, त्यामुळे हृदयाच्या डॉक्टरांचं मत फोनवर किंवा त्याच दिवशी मिळू शकतं. त्यासाठी तीन दिवस अडून राहू नका. क्लोपिडोग्रेल थांबवलं असेल तर ते परत कधी सुरू करायचं हे मात्र डिस्चार्जच्या कागदावर तारखेसकट लिहून घ्या. हा एक धागा हमखास निसटतो: बंद केलेली गोळी बंदच राहते आणि दीड महिन्यानं छातीत दुखतं. वारफारिन किंवा अपिक्साबानसारखी रक्त पातळ करणारी औषधं असती तर हिशोब वेगळा झाला असता. वारफारिनचा असर व्हिटॅमिन-के देऊन उतरवता येतो, अपिक्साबानसाठी एक-दोन दिवस आणि किडनीचा रिपोर्ट बघावा लागतो.

थांबायला खरी कारणं मोजकीच आहेत: हिमोग्लोबिन ८ च्या खाली, सोडियम १२० च्या खाली, पोटॅशियम २.८ च्या खाली किंवा ६ च्या वर, हृदय कमजोर पडून फुप्फुसात भरलेलं पाणी, मिनिटाला १२० च्या वर धावणारी अनियमित नाडी, छातीतून अंगभर पसरलेला संसर्ग, साखर अगदी हाताबाहेर. यातल्या बहुतेक गोष्टी एका दिवसात सुधारता येतात. "एको झाल्याशिवाय हात लावणार नाही" असं कोणी म्हटलं तर एको (हृदयाची सोनोग्राफी) त्याच दिवशी खाटेजवळ करता येतो का ते विचारा.

साखरेच्या गोळ्यांची पाकिटं दवाखान्यात घेऊन जा, नुसती नावं सांगू नका. ग्लिमेपिराइड उपाशीपोटी दिलं तर साखर एकदम खाली येते. नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेली गोळी (डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन) चालू असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजच सांगा आणि ती लगेच बंद करायची का ते विचारा, कारण ती घेत असताना उपास घडला तर साखर बरी दिसत असूनही रक्तात आम्ल साचू शकतं. मेटफॉर्मिन ऑपरेशनच्या दिवशी थांबवतात. साखर ११० ते १८० च्या आसपास राहिली तर पुरे. ती ९० करायच्या मागे लागू नये. आणि उपास: घन अन्न सहा तास, साधं पाणी दोन तास आधी बंद, एवढंच लागतं. ऑपरेशन दुपारी चारचं असताना रात्री बारापासून पाणी तोडलेली वृद्ध माणसं सुकून जातात. "पाणी कितीपर्यंत देऊ?" हे विचारायला लाजू नका.

दुखण्यासाठी नस बधिर करणारं इंजेक्शन ऑपरेशनच्या आधीच मिळायला हवं, दाखल होताच मागा. त्यावर पॅरासिटामॉल नियमानं, ४८ किलोला ६५० मिलीग्रॅमची गोळी दिवसातून तीन ते चार वेळा. दुखलं की मग, असं नको. डायक्लोफिनॅकसारखी सुजेची औषधं टाळा: क्लोपिडोग्रेलच्या जोडीला पोटात रक्तस्राव आणि किडनीवर घाव, दोन्ही संभवतात. ट्रामाडॉलनं या वयात उलट्या, बद्धकोष्ठ आणि भ्रम होऊ शकतो. पायाला वजन लटकवून ठेवल्यानं दुखणं कमी होतं असं अभ्यासात दिसलेलं नाही. गुडघ्याखाली मऊ उशी पुरते.

सर्जनला विचारायचे प्रश्न कागदावर लिहून न्या, कारण राउंडला ते दोन मिनिटं उभे राहतात. सगळ्यांत महत्त्वाचा एकच: "ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी आई पूर्ण वजन टाकून उभी राहू शकेल असं तुम्ही बसवणार ना?" उत्तर "सहा आठवडे पाय टेकवायचा नाही" असं आलं तर कारण विचारा. ८१ वर्षांच्या माणसाला एका पायावर वॉकर घेऊन उड्या मारता येत नाहीत, म्हणजे त्याचा अर्थ सहा आठवडे खाट असाच होतो. बाकीचं मग: कोणतं इम्प्लांट, ते पॅकेजमध्ये धरलेलं आहे का, आणि साखर व हृदयाकडे लक्ष ठेवणारा फिजिशियन रोज येणार की बोलावलं तरच.

खर्चाचं एका परिच्छेदात. वय ७० च्या वर असल्यामुळे उत्पन्न न बघता सरकारी मोफत उपचार योजनेचं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं (२९ ऑक्टोबर २०२४ पासून). वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि घरात ७० वरचे दोघे असतील तर ती रक्कम दोघांत मिळून. आधार लागतं. खासगी मेडिक्लेम असला तरी हे काढता येतं. चालतं फक्त योजनेत असलेल्या रुग्णालयांत, म्हणून दाखल करण्याआधी तिथल्या आयुष्मान मित्राला (या योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाला) विचारा. सरकारी सयाजी हॉस्पिटल मेडिकल कॉलेजला जोडलेलं असल्यानं तिथे हाडांचा, मेडिसिनचा आणि भुलीचा विभाग एकाच आवारात आहेत.

ऑपरेशन करू नये अशी वेळही असते. आधीच महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेला, माणसं न ओळखणारा, किंवा दुसऱ्या आजारानं शेवटच्या आठवड्यांत असलेला माणूस. नर्सिंग होममधल्या अशाच अतिशय दुबळ्या वृद्धांवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०२२ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात, ऑपरेशन न करता नीट वेदनाशमन दिलेल्यांचे उरलेले दिवस ऑपरेशन झालेल्यांपेक्षा वाईट गेले नाहीत. पण "ऑपरेशन नाही" म्हणजे "काहीच नाही" नव्हे. नस बधिर करणं, गरज लागली तर मॉर्फिन, उचलून बसवणं, हे सगळं तिथेही करायचं असतं. तुमच्या वर्णनावरून आई या गटात बसत नाहीत.

आणि हे सगळं आईंना विचारलंत का? तुमच्या प्रश्नात दोन डॉक्टर आहेत, मामा आहेत, बहीण आहे. आईंचं मत कुठेच नाही. त्या शुद्धीवर असतील तर संमती त्यांची. दुखणं कमी झाल्यावर, खाटेशी बसून, मराठीत विचारा: चालता येण्यासाठी किती त्रास सोसायची तयारी आहे, आणि गुंतागुंत होऊन श्वासाच्या मशीनवर जायची वेळ आली तर त्यांना काय हवं आहे. त्यांचं म्हणणं लेखी ठेवायचं असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानं आणि २०२३ च्या सुधारणेनं वाट सोपी झाली आहे: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर केलेलं उपचारांबद्दलचं इच्छापत्र (लिव्हिंग विल) चालतं.

ऑपरेशननंतर घरच्यांना सगळ्यांत घाबरवतो तो भ्रम. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री आई कदाचित तुम्हाला ओळखणार नाहीत, सलाइन ओढतील, कधीच गेलेल्या माणसांना हाका मारतील. किंवा याच्या उलट, नुसत्या गप्प पडून राहतील, आणि "आज शांत झोपल्यात" म्हणून सगळे खूश होतील. हा दुसरा प्रकार जास्त फसवा. दोन्हींत कारण शोधायचं: लघवी तुंबली आहे का, शौचाला किती दिवसांत झालं नाही, सोडियम, साखर, ऑक्सिजन, दुखणं, ताप. झोपेची नवी गोळी मागू नका. पण वर्षानुवर्षं रात्री झोपेसाठी अल्प्राझोलामची गोळी घेत असतील तर तसं सांगा, कारण तिचं अचानक बंद होणंही भ्रम आणतं. चष्मा, कानाचं यंत्र, कवळी नावाची चिठ्ठी लावलेल्या डब्यात खाटेजवळ. दिवसा खिडकी उघडी, रात्री दिवा मंद. इथल्या नर्सेस आणि आया बहुधा गुजराती बोलतात. आईंनी जन्मभर बाजारात गुजरातीच केलं असेल, पण भ्रमात घरची भाषा आणि ओळखीचा आवाज लागतो. म्हणून पहिल्या तीन रात्री तरी घरचं माणूस. बहिणीला पुण्याहून बोलवायचं असेल तर ऑपरेशनच्या दिवशी नको, नंतरच्या तीन रात्रींसाठी बोलवा. त्याआधी औषधांची यादी, विम्याचे फोन, रिपोर्टांचे फोटो हे काम ती तिथे बसून करू शकते, आणि डॉक्टरांशी बोलणारा एकच माणूस ठरवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिजिओथेरपिस्ट येऊन आईंना खाटेच्या कडेला बसवतो, जमलं तर वॉकर धरून उभं करतो. उभं करताना चक्कर आली तर दोन मिनिटं बसवून परत. दिवस रद्द करायचा नाही. हिमोग्लोबिन दुसऱ्या दिवशी बघतात, कारण मांडीत अर्धा-पाऊण लिटर रक्त बाहेरून न दिसता साचू शकतं. लघवीची नळी एक-दोन दिवसांत काढायला लावा. सोयीसाठी ठेवलेली नळी पुढच्या तापाचं घर असते. गुठळी होऊ नये म्हणून पोटावर इनॉक्सापॅरिनचं इंजेक्शन साधारण महिनाभर चालतं. किडनी मंद असेल तर डोस कमी लागतो, आणि ते क्लोपिडोग्रेलच्या जोडीनं कसं द्यायचं हे लिहून घ्या. बद्धकोष्ठासाठी लॅक्टुलोज पहिल्या दिवसापासून. पाणी कमी पिणाऱ्याला इसबगोल देऊ नका, ते आतच घट्ट बसतं.

जखमा पडतात त्या माकडहाडावर आणि टाचेवर. टाचेची सगळे विसरतात. पोटरीखाली उशी अशी ठेवा की टाच हवेत राहील. दर दोन तासांनी कूस बदला, गुडघ्यांमध्ये उशी देऊन. हवेची गादी आणली म्हणजे कूस बदलणं सुटत नाही. लाल झालेली जागा बोटानं दाबून बघा: पांढरी होत नसेल तर जखम आतून सुरू झाली आहे. ती चोळू नका, आणि मधोमध भोक असलेली रिंग वापरू नका, तिच्या कडेनं रक्तपुरवठा तुटतो.

जेवणात आपल्याकडे एक प्रेमळ चूक होते. आजारी माणसाला मऊ भात, वरण, खिचडी. पचायला हलकं खरं, पण ४८ किलोच्या माणसाला या काळात दिवसाला ६० ते ७० ग्रॅम प्रथिनं हवीत आणि पातळ वरणाच्या वाटीत तीन-चार ग्रॅमच असतात. पेलाभर दूध सहा-सात ग्रॅम, अंडं सहा, ५० ग्रॅम पनीर आठ-नऊ, घट्ट डाळीची वाटी सहा. शाकाहारी घरात हे जुळवायला दही-पनीर दोन्ही वेळा आणि वर एखादी प्रोटीन पावडर लागतेच. किडनी खराब असेल तर मात्र आधी विचारा. गिळताना ठसका लागत असेल तर आडवं ठेवून काहीही भरवू नका.

घरी आणताना तुमची खरी अडचण दुसरा मजला ही आहे. जुन्या वाड्यांतल्या उभ्या, अरुंद लाकडी जिन्यावर स्ट्रेचर वळत नाही. खुर्चीला घट्ट बांधून दोन दणकट माणसांनी उचलून न्यावं लागतं, आणि एकदा वर गेल्या की तपासणीसाठी खाली आणणंही तेवढंच. तळमजल्यावरच्या किंवा लिफ्ट असलेल्या नातेवाइकांकडे सहा आठवडे ठेवता आलं तर उत्तम. नाही जमलं तर डिस्चार्जच्या आधी फिजिओथेरपिस्टकडून जिना शिकून घ्या: चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा, आणि एका हाताला कठडा हवाच. दोराचा आधार चालणार नाही.

वॉकरची उंची अशी की हात सरळ सोडल्यावर मनगट मुठीपाशी यावं. खाट आणि खुर्ची गुडघ्याच्या उंचीहून किंचित उंच. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची कमोड खुर्ची भाड्यानं मिळते. गोळा बदलला असेल तर सर्जन सांगतील तितके आठवडे खाली वाकणं, पाय दुमडून बसणं, पायावर पाय टाकणं नको, नाहीतर सांधा निसटतो. पाटावर बसून पूजा करण्याची सवय असेल तर देवघर टेबलावर घ्या. देवाची हरकत नसते, घरच्यांचीच असते. आणि झोपाळा! बडोद्याच्या घरात तो असणारच. बसताना मागे सरकणारी पाटी म्हणजे पुढचं पडणं ठरलेलं. तो साखळीनं बांधून ठेवा किंवा काढून ठेवा.

आया आणि नर्स यांत गल्लत नको. कूस बदलणं, स्वच्छता, चालवणं आया करील. इन्सुलिन आणि ड्रेसिंग शिकलेल्या माणसाचं काम. भिंतीवर एकच तक्ता लावा: औषध, वेळ, कूस, शौच, किती पावलं. पाय अचानक आखूड होऊन बाहेर वळला, एकाच पोटरीला सूज आली, दम लागला, टाके पाचव्या-सहाव्या दिवसानंतरही पाझरत राहिले, तर सकाळची वाट न बघता न्यायचं. दम लागला तर १०८.

शेवटी, त्या पडल्या का? रात्री लघवीला उठल्या होत्या. लघवी वाढवणारी ब्लड प्रेशरची गोळी संध्याकाळी असेल तर सकाळी करता येईल का विचारा. रात्री साखर उतरते का, तीन-चार रात्री दोन वाजता तपासा. पहिल्यांदा उभ्या राहतील त्या दिवसांत झोपून आणि उभं राहून तीन मिनिटांत प्रेशर मोजा. वरचा आकडा २० नं घसरत असेल तर औषधं कमी करावी लागतील. मोतीबिंदू बघून घ्या. आणि हाडांचं औषध: हे ऑपरेशन झालं की सगळे विसरतात, मग वर्ष-दोन वर्षांत डावा खुबा मोडू शकतो. आधी ड जीवनसत्त्व भरून काढायचं, कॅल्शियम जेवणातून आणि गोळीतून मिळून दिवसाला १००० ते १२०० मिलीग्रॅम, आणि फ्रॅक्चरनंतर किमान दोन आठवड्यांनी झोलेड्रोनिक ॲसिडचं ५ मिलीग्रॅमचं सलाइन, वर्षातून एकदा. त्याआधी क्रिॲटिनिन बघून किडनीचा रक्त गाळण्याचा वेग मिनिटाला ३५ मिलीलिटरच्या वर असल्याची खात्री करा आणि किडलेले दात असतील तर आधी दाखवा. सलाइननंतर दोन दिवस अंग मोडून ताप येऊ शकतो, त्याला पॅरासिटामॉल पुरतं. टाके काढायला जाल, साधारण १२ ते १४ दिवसांनी, तेव्हा या सलाइनची तारीख मागून घ्या.